नापास भाताचं जेवण

‘‘निसवला का गं?’’ वन्संनी मला विचारलेलं हे शेवटचं. पिंपरीच्या दवाखान्यातला पलंग, हाताला सलाईन, आणि आवाज इतका बारीक की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला. शेजारच्या पलंगावरच्या आजींच्या सुनेला वाटलं, बाई तापात काहीतरी बरळतायत. आमच्या गच्चीवर दोन पिंपांत भात लावलाय आणि निसवणं म्हणजे भाताची लोंबी पानाच्या पोटरीतून बाहेर येणं, हे तिला कुठं समजावत बसू? वन्संना मात्र नीट सांगितलं. टाकीकडचं पिंप छान निसवलंय, जिन्याकडचं जरा मागं आहे, चिमण्या यायला लागल्यात म्हणून जुनी साडी बांधलीय. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. म्हणजे, वास? मी म्हटलं, ‘‘दाणा भरून शिजल्याशिवाय मी काही सांगायची नाही. तुम्हीच शिकवलंय.’’ तेव्हा त्या हसल्या. खरंच हसल्या हो... मग डोळे मिटून पडून राहिल्या.

दोन दिवसांनी मी मोशीच्या कांडप-डंखावर मिरची कुटून घेत होते आणि ह्यांचा फोन आला. घटस्थापना तोंडावर आलेली, मसाल्याच्या ऑर्डरी अंगावर, नाकाला रुमाल. ‘‘ताई गेली’’ एवढंच म्हणाले. डंखाच्या आवाजात मला पुन्हा विचारावं लागलं, आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, डॉ. शरयू. ह्यांची थोरली बहीण. वन्सं म्हणायची पद्धत आमच्या पिढीतच मोडीत निघाली होती. लग्नानंतर मी त्यांना थट्टेनं एकदा तसं म्हटलं, त्या म्हणाल्या, वा, असंच म्हण, मला कुणीच म्हणत नाही. तेव्हापासून तेच. लग्न त्यांनी केलं नाही. घाटाच्या बाजूच्या एका भात संशोधन केंद्रात सगळी नोकरी झाली. भाताचे नवे वाण तयार करायचे, हे काम. शनिवारी एस.टी.नं मोशीला आमच्याकडे यायच्या, आणि आल्या की मोरीत चपला धुवायलाच पाव बादली चिखल.

त्यांचा एकच ध्यास होता. आमच्या मावळपट्ट्यातला जुना आंबेमोहोर शिजायला लागला की आळीला कळायचं, पण रोप उंच, काडी नाजूक. दाणा भरायच्या वेळी वारा-पाऊस आला की सगळं शेत लोळलंच. लोक कंटाळून तो लावायचे बंद झाले. वन्संना तोच वास हवा होता, पण ताठ उभ्या राहणाऱ्या काडीवर. ऐकायला केवढं सोपं! आडदांड काडीच्या भाताशी त्याचं लग्न लावायचं, की झालं. पण वास हा गुण भारी हट्टी. आईबाप दोघांकडून आला तरच दाण्यात उतरतो, आणि लग्न लावलेल्या पहिल्या पिढीत तर दिसतच नाही. मग पुढच्या पिढ्यांतून एकेक रोप निवडत बसायचं. काडी सुधारली की वास गेलेला असायचा, वास सापडला की काडी वाऱ्यात आडवी व्हायची. असं वर्षानुवर्षं चालू होतं, आणि बाई दर जूनमध्ये पुन्हा नव्या उमेदीनं पेरायला तयार.

एकदा मी केंद्रावर गेले होते, डबा घेऊन. पाहते तर ही डॉक्टरीण गुडघाभर चिखलात, डोक्यावर टॉवेल, हातात भुवया कोरायचा असतो तसला चिमटा. आदल्या दिवशी फुलातले परागकोश एकेक करून काढायचे, लोंबीला कागदी पिशवी घालायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जातीचे पराग तिच्यावर झटकायचे. भाताचं फूल सकाळी दहाच्या सुमाराला उघडतं आणि तासाभरात मिटतं. तेवढ्यात काय ते उरकायचं. आणि फुलोरा येणार कधी? नेमका गौरी-गणपतीत. सासूबाई हयात होत्या तोवर दरवर्षी ठरलेलं भांडण. गौरीच्या जेवणाला घरची लेक नाही म्हणजे काय! वन्संचं उत्तरही ठरलेलं. ‘‘आई, गौरी पुढच्या वर्षी येतील. हे फूल आज दुपारच्या आत मिटेल.’’ सासूबाई दोन दिवस बोलायच्या नाहीत, आणि मग माझ्याच हाती पुरणपोळ्यांचा डबा पाठवायच्या.

आता घरातली खरी गंमत सांगते. वासाची चाचणी वन्सं शनिवारी आमच्याच ओट्यावर करायच्या, आणि त्यांचा नियम होता की चाचणीत नापास झालेला भात त्याच दिवशी शिजवून खायचा. बी म्हणून मूठभरसुद्धा शिल्लक ठेवायचं नाही. जो पास झाला त्याचा मात्र दाणा खायचा नाही, तो पेरायचा. परिणाम काय, तर देशातल्या एका हुशार भातवाल्या बाईचं घर आम्ही, आणि आयुष्यभर जेवलो काय, तर त्यांचे नापास भात! कधी गिचका, कधी खडा, कधी नुसता चोथा. हे चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात होते. जेवताना म्हणायचे, ‘‘ताई, आमच्याकडे रिजेक्ट माल भंगारात जातो, तुझ्याकडे माझ्या ताटात येतो.’’ वन्सं आणखी वाढायच्या. एकदा एक भात दिसायला इतका देखणा निघाला होता, मोत्यासारखा, फक्त वास नव्हता. मी म्हटलं, थोडं बी ठेवा की हो. त्या म्हणाल्या, ‘‘ठेवलं की पुढच्या वर्षी लावावंसं वाटतं, नलू. मग एक वर्ष फुकट.’’ आणि सगळा पातेल्यात ओतला.

निवृत्त झाल्या तोवर हवा तो वाण हाती आला नव्हता. केंद्राची कामं पुढं सरकली, नवे विषय आले. कुणाबद्दल त्यांनी कधी वाकडा शब्द काढला नाही. रीतसर परवानगी घेऊन शेवटच्या काही निवडींचं चिमूट-चिमूट बी घेतलं आणि आमच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. महिनाभरात भंगारवाल्याकडून कंपनीतली निळी पिंपं अर्धी कापून आणली, गच्चीवर चढवली, इंद्रायणीकाठच्या उरल्यासुरल्या शेतातली माती पोत्यांनी आणली. झालं! सोसायटीचे सेक्रेटरी सोनवणे दारात हजर. मूळचे बीडकडचे, चाकणला शिफ्टमध्ये कामाला, बोलायला मोकळे. ‘‘मॅडम, पाणी साचलं की डास व्हतेत. लोकं माझ्या नावानं बोंबलायलेत.’’ वन्संनी वाद घातला नाही. महापालिकेतून गप्पी मासे आणले, पिंपांत सोडले आणि सोनवण्यांना हाताला धरून गच्चीवर नेऊन दाखवले. पुढच्या पावसाळ्यात हेच सोनवणे सुट्टीच्या दिवशी वर खुर्ची टाकून बसायला लागले. त्यांच्या गावाकडे भात कसा असतो ते कुणी पाहिलेलं नव्हतं. येईल त्या पाहुण्याला वर नेऊन सांगायचे, आमच्या सोसायटीत संशोधन चालू हाय.

आणि मग ती साथीची वर्षं आली. आम्ही तिघंही आजारी पडलो, तिघांचाही वास गेला. माझा पंधरवड्यात आला, ह्यांचा थोडा उशिरानं. वन्संचा आलाच नाही. त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. एक दिवस माझी फोडणी करपली, घरभर धूर, आणि वन्सं ओट्याजवळच पेपर वाचत बसलेल्या. डोळे चुरचुरायला लागले तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘नलू, काही जळतंय का?’’ मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वासासाठी जन्म घालवलेल्या बाईचं नाक गेलं होतं. त्या रडल्या नाहीत, मीच रडले. देवाच्या नावानं नाही नाही ते बोलले, अजूनही त्याबद्दल मला जराही पस्तावा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या आणि माझं लाल नेलपॉलिश मागितलं. मला वाटलं, बाईंना झालंय काय! तर त्यांनी झाकणाच्या तीन लहान स्टीलच्या वाट्या घेतल्या, एकीवर एक ठिपका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. म्हणाल्या, तू मसाले करतेस, धण्याला किंचित कुबट वास असला तरी पोतं परत पाठवतेस, आजपासून नाक तुझं. प्रत्येक वाटीत चमचाभर वेगळा भात शिजवायचा. एका वाटीत कायम दुकानातला साधा तांदूळ, नाक फसवायला लागलं तर पकडण्यासाठी. कुठल्या वाटीत काय ते मला सांगायचं नाही. मी ओट्याकडे पाठ करून उभी राहायची, मग वळून एकेक झाकण उघडायचं. त्या एकदाच विचारायच्या, ‘‘आहे का?’’ मी आहे म्हणायचं किंवा नाही. ‘जरासा आहे’, ‘असेल बहुतेक’ असलं काही चालायचं नाही.

पहिल्याच वर्षी अवघड परीक्षा आली. एका पिंपातलं पीक असं काही आलं होतं की विचारू नका. काडी वेतासारखी, लोंब्या भरगच्च. वन्सं त्या पिंपाशी बोलायच्या, मी ऐकलंय. ते कोणतं ते मला वाटीवरून कळणार नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. झाकण उघडलं. वास नव्हता. बाई माझ्याकडे बघतायत, सत्तरीच्या, एका शब्दावर सगळी आशा टांगलेली... माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, पिशवीतला तो सगळा तांदूळ धुवायला घेतला, आणि संध्याकाळी आम्ही वरण घालून तो जेवलो. जेवताना त्या म्हणाल्या, ‘‘तू खोटं बोलली असतीस ना, तर मी पुढची पाच वर्षं तो लावला असता.’’ मला तेव्हा कळलं की माणसावर टाकलेला विश्वास किती जड असतो.

नापास झालेलं एकेक पिंप रिकामं होत गेलं. या वर्षी उरली होती दोन, वासाची परीक्षा अजून न झालेल्या शेवटच्या दोन निवडींची. टाकीकडचं त्यांचं लाडकं, जिन्याकडचं किरकोळ, काडीला बरं पण लोंबी विरळ. लावणी त्यांनीच केली, सोनवण्यांना ओरडत-ओरडत. त्यानंतर दुखणं वाढलं. फुलोऱ्यात त्या दवाखान्यात होत्या, आणि दाण्यात दूध भरायच्या आधी गेल्या.

परतीचा पाऊस जोरात झाला. आम्ही दोघं गच्चीच्या दारात उभं राहून बघत होतो. दोन्ही पिंपं उभी राहिली. जिन्याकडचं थोडं कललं, सकाळी सरळ झालं. दिवाळी झाल्यावर मी कापणी केली, दोन पिशव्यांत वेगळं ठेवलं, वाळवलं, त्यांच्या खलबत्त्यात हलक्या हातानं कांडलं. आणि मग अडलं. मला तर माहीत होतं कुठला दाणा कुठला. वाट्या लपवणार कोण? हे खुर्चीतून उठले. आयुष्यभर त्या भाताची टिंगल केलेला माणूस. म्हणाले, ‘‘तू बाहेर जा. इन्स्पेक्शन मला येतं.’’ स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. कुकरच्या शिट्ट्या ऐकत मी बाहेर सोफ्यावर बसले होते.

हाक आली तेव्हा तिन्ही वाट्या ओट्यावर ओळीनं होत्या, आणि हे भिंतीकडे तोंड करून उभे. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनसुद्धा कळू नये म्हणून. एक ठिपक्याची उघडली. गरम वाफ, बाकी काही नाही. तीन ठिपक्यांची उघडली. तेच. दोन ठिपक्यांच्या वाटीवर हात ठेवून मी थांबले, कारण आता उरलीच ती होती आणि मला भीती वाटत होती. उघडली, आणि वास माझ्या नाकात शिरायच्या आधी घरात शिरला. आंब्याचा मोहोर, थोडं साजूक तूप, माझ्या आजोळची ओली दुपार... मी ‘दोन’ म्हटलं. ह्यांनी वळून पाहिलं. ‘‘जिन्याकडचं,’’ म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

टाकीकडचं, लाडकं, नापास. नियमाप्रमाणे मी तो सगळा तांदूळ लगेच धुतला. पातेल्यात टाकताना हात अडखळला, त्यांच्या हातचं शेवटचं लावलेलं होतं ते. पण टाकला. दुपारी आम्ही दोघं आणि सोनवणे तो जेवलो. बरा होता, त्यांच्या सगळ्या नापास भातांमध्ये बरा. जिन्याकडचं बी दोन बरण्यांत भरलंय. एक केंद्रातल्या तरुण शास्त्रज्ञ बाई घेऊन गेल्या, एक आमच्याकडे. त्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, पिंपातलं शेतात टिकेलच असं नाही. वन्संनीही हेच सांगितलं असतं.

पण एक राहिलं. पास झालेल्या वाटीतला तो शिजलेला चमचाभर भात. तो पेरता येत नाही आणि नियमानं खायचाही नाही. नाक होतं तेव्हा असा चमचाभर वन्संच खायच्या, ओट्याशी उभ्या राहून, मीठसुद्धा न घालता. वास गेल्यावर पास होणारं काही निघालंच नव्हतं. सोनवणे गेल्यावर हे म्हणाले, ‘‘आता ते तुझं काम.’’ मी ओट्याशी उभी राहिले. दोन ठिपक्यांची वाटी हातात घेतली, झाकण काढलं. भात थंड झाला होता, वास तसाच होता. डाव्या बाजूला, जिथं त्या उभ्या राहायच्या, तिकडं बघून मी म्हटलं, ‘‘आहे, वन्सं.’’ आणि खाल्ला.