मेंदूचा नकाशा आणि माझा हुंकार

आता ही फजिती सांगावी की गिळून टाकावी, तेच कळत नाही. पण चहा मागवलाच आहे, तर ऐका!

धाराशिवात लग्न असू दे नाहीतर सत्कार, माईक माझ्याच हातात. जिभेवरच घर चालतं म्हणा ना! अशा माणसाच्या मेंदूत, नेमकी डाव्या बाजूला, गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ साधी आहे, काढून टाकू. पण तुमचं बोलणं-समजणं मेंदूत कुठं चालतं ते आधी बघावं लागेल. तिथं धक्का लागला तर वाचा जाईल."

वाचा जाईल! पण बायकोसमोर चेहरा कसा पाडायचा? मंगल शेजारीच उभी. म्हणालो, "बघा खुशाल! माझ्याएवढा भाषेचा भाग अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा न्हाय."

काम सोपं होतं. सुई नाही, चिरफाड नाही. मशीनमध्ये पडून गोष्ट ऐकायची. मेंदूचा जो भाग राबतो तिकडं रक्त जास्त धावतं, ते मशीन टिपतं. अट एकच, डोकं हलवायचं नाही.

कानात गोष्ट सुरू झाली. आता आमच्या गावाकडं, तेरला, कुणी गोष्ट सांगाय लागलं की ऐकणाऱ्यानं 'हुं' म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर सांगणाऱ्याचा अपमान! मी काय कच्चा आहे? प्रत्येक वाक्याला हुं, आणि प्रत्येक हुंला मान हलवायची!

मशीन थांबलं. बाई आत आल्या. "अहो, डोकं का हलवताय? सगळी चित्रं बिघडली!"

"गोष्टीला हुंकार नको का द्यायला?"

"बरं, गोष्ट समजली ना?"

"तर काय! लई भारी गोष्ट."

"मग विहिरीत काय सापडलं?"

विहीर? कुठली विहीर? गोष्टीत विहीर होती हेच मला माहीत नव्हतं!

"आणि ती म्हातारी कुठं गेली?"

म्हातारी पण होती?

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं कुजबुजले, "समजण्यावर परिणाम झालेला दिसतो." गेलं की काय सगळं? शेवटी मंगलला आत घेतलं. "ताई, यांना घरी सांगितलेलं समजतं का? अलीकडं काही फरक जाणवला?"

"फरक कसला? डॉक्टरसाहेब, घाबरू नका. ह्यो आजार न्हाय. लगीन झाल्यापासून असंच हाय. मी बोलते, ह्ये हुं म्हणतेत, आन् ध्यानात काय बी न्हाय!"

मग दुसऱ्यांदा आत गेलो, ओठ घट्ट मिटले आणि खरोखर कान देऊन ऐकलं. विहिरीत घागर सापडली, बरं का! चित्रंही स्वच्छ निघाली. भाषेचा भाग गाठीपासून चांगला लांब. वाचा शाबूत राहणार! माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात मंगल मोठ्या डॉक्टरांना अगदी गंभीरपणे म्हणाली, "डोकं उघडायचंच हाय, तर बायकोचं ऐकायचं काही आत बसवता येतंय का तेवढं बघा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आणि काय सांगू, जिल्ह्याचा हा माईकवाला, भाषेचा भाग ठणठणीत असताना, मान हलवून नुसतं 'हुं' म्हणाला!