शेवटची हीट

किस्से साठवायचे असतील तर स्पर्धेत पोहू नका, स्पर्धेची यादी लावा. सूसमधला आमचा क्लब तिशी ओलांडलेल्यांचा. दरवर्षी मुळशीतल्या एका रिसॉर्टच्या तलावावर आमची स्पर्धा होते, आणि कोण कुठल्या गटात, म्हणजे हीटमध्ये, पोहणार हे मी ठरवते. आठवलं की अजून डोकं तापतं.

नियम क्लबच्या सेक्रेटरींचा, आणि सोपा. फॉर्मवर आपली वेळ लिहायची. वेगवान लोक पहिल्या हीटमध्ये, सावकाश लोक शेवटच्या. रकाना कोरा ठेवला की थेट शेवटची.

*

एका आयटीवाल्याने पंधराशे मीटरला बावीस मिनिटं लिहिली. लागली एकेचाळीस. त्याच्या हीटमधले बाकीचे कपडे बदलून चहा पिऊन आले, तरी हा पाण्यातच.

"बावीस कुठून आणलीत?" मी विचारलं.

"ते टार्गेट होतं."

*

पंधराशे सकाळी ठेवा, ऊन नसतं, असं मी सेक्रेटरींना सांगून थकले.

"सकाळी प्रमुख पाहुणे असतात. लांब रेसचा त्यांना कंटाळा येतो."

म्हणून ती दुपारी एकला ठेवली. पाहुणे आले एकला.

*

त्या दिवशी पाहुण्यांची भाषणं लांबली आणि शेवटची हीट रद्द झाली. तिच्यात कोळवणचे अण्णा होते. वय बासष्ट, भातशेती, पोहायला शिकले विहिरीत. फॉर्मवर वेळ कोरी. "घड्याळ लावून कोन पवतंय, ताई?"

"पुढच्या वर्षी नक्की," सेक्रेटरी म्हणाले.

पुढच्या वर्षीही फॉर्मवर वेळ कोरी, म्हणून शेवटची हीट. तीही रद्द. रिसॉर्टला कुणाच्या तरी हळदीसाठी पाण्यात झेंडू सोडायचे होते.

वर साठीपुढच्या वयोगटाची मेडल्स देऊनही टाकली. न पोहताच! मी भांडायला गेले तर सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "वेळा फॉर्मवर आहेतच की."

*

यंदा मी सेक्रेटरींशी हातघाईवर आले. "अण्णांना आधीच्या हीटमध्ये घ्या."

"ज्याची वेळच नाही त्याला पुढे कसं घेणार?"

"पोहू दिलंत तर वेळ मिळेल ना!"

"मग पोहू देत की. शेवटच्या हीटमध्ये."

शेवटी मी अण्णांनाच म्हटलं, पंचवीस मिनिटं लिहून टाका, सगळेच ठोकतात.

"खोटं लिव्हायचं? न्हाई जमायचं. माझी हाय ती वेळ लिव्हून द्या, बास."

*

या वेळी हीट रद्द झाली नाही, कारण मी शिट्टी घेऊन काठावरून हललेच नाही. अण्णा एकटेच पोहत होते. पलीकडे बक्षीस समारंभ उरकला, पंगत बसली. अण्णांनी भिंतीला हात लावला तेव्हा माझ्या घड्याळात अठ्ठावीस मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. मी कागद घेऊन सहीसाठी वळले, तर पंचांची खुर्ची रिकामी.

"ते मघाशीच जेवायला गेले," सेक्रेटरी म्हणाले. "पंचांनी पाहिलं नाही, म्हणजे वेळ धरता येत नाही. अण्णा, या बाहेर. पुढच्या वर्षी बघू."

अण्णांनी तोंडावरचं पाणी पुसलं.

"पंचास्नी बोलवा. मी हितंच हाय."

पंच भाताचं ताट हातात घेऊनच आले. मी त्यांची खुर्ची पार काठापर्यंत ओढली आणि घड्याळ शून्यावर आणलं.