नीलाबाईचा विशाखापट्टणमचा दिवस

नीलाबाईचं माहेर सिरोंच्याच्या बाजूचं, प्राणहितेच्या काठावरचं. तिकडे बाजारात, विहिरीवर, शेजारीपाजारी तेलुगूच चालायची, त्यामुळे घरच्या गोंडीबरोबर तीही तिच्या तोंडात बसली. मग पत्रूशी लग्न होऊन ती आलापल्लीजवळच्या जंगलातल्या गावात आली. पहिल्याच आठवड्यात तिने सवयीने पाण्याला ‘नीळ्ळु’ म्हटलं आणि विहिरीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. पुढे महिनाभर तिला त्या नावानेच हाका मारल्या. नीलाबाईने ती भाषा गिळूनच टाकली. बारा वर्षं झाली, तेलुगूचा एक शब्द तिने ओठावर येऊ दिला नव्हता.

पत्रू आरेवाला होता. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, एकाने खाली, आणि दोघांनी मिळून माणसापेक्षा लांब आरा ओढत फळ्या पाडायच्या, हे त्याचं काम. खाली त्याचा जोडीदार कोलू असायचा. एकोणीसशे पंचावन्न साली अंदमानच्या जंगलात आरेवाले हवेत असा निरोप आला आणि आठ जण वर्षभरासाठी निघाले. त्यांच्यातलाच वडशाकडचा सोमाजी मुकादम होता. आठ तोंडांना रांधून घालायला बाईमाणूस हवं म्हणून पत्रूने नीलाबाईला बरोबर घेतलं. मूलबाळ नव्हतं, मागे अडकवणारं काही नव्हतं.

बल्लारशाहून मद्रासपर्यंत आगगाडी आणि तिथून जहाज. जहाज आधी विशाखापट्टणमला थांबून कोळसा आणि तांदूळ भरणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते धक्क्याला लागलं तेव्हा खलाशाने सगळ्यांना हिंदीत सांगितलं, “दिवसभर उतरून फिरा. पाच वाजता भोंगा होईल. नाही आला तर जहाज थांबणार नाही.”

सोमाजीने फेटा नीट बांधला. “माह्या मागं राहा सगळे. हरवाल तं मी जबाबदार नाई.”

बंदराच्या फाटकाबाहेर चहाचं दुकान होतं. सोमाजीने हिंदीत नऊ चहा मागितले. दुकानदाराने मान हलवली आणि विड्यांचं बंडल पुढे केलं. सोमाजीने बोटं दाखवली, कप तोंडाला लावल्याचं करून दाखवलं. दुकानदाराने एक पेला पाणी दिलं. मागचे सात जण एकमेकांकडे बघत उभे. सोमाजी मग तेच हिंदी मोठ्याने बोलू लागला.

नीलाबाई सगळ्यात मागे होती. तिच्या शेजारी दोन बायका डोक्यावर टोपल्या घेऊन उभ्या होत्या आणि कोणाच्या तरी सुनेविषयी बोलत होत्या. नीलाबाईला कळलं की सून आळशी आहे. मग कळलं की सासूही काही कमी नाही. आपल्याला सगळं समजतंय हे तिच्या ध्यानात आलं. ती पुढे झाली, सोमाजीच्या बाजूने वाट काढली आणि तेलुगूत म्हणाली, “दादा, नऊ चहा द्या. पाणी पुरे.”

दुकानदार हसला. नीलाबाईने मान खाली घातली. पण तो म्हणाला, “अक्का, कुठली ही बोली? माझी आजी अशी बोलायची.”

“वरची. गोदावरीला प्राणहिता मिळते, तिकडची.”

“बसा मग, पाहुणे आहात,” असं म्हणून त्याने बाकडं पुसलं.

पत्रू तिच्याकडे बघतच राहिला. बारा वर्षांच्या संसारात त्याने हे ऐकलं नव्हतं. “तुले हे येत होतं?” त्याने विचारलं.

“येत होतं.”

“मंग काऊन नाई बोलली कधी?”

“कोणासंग बोलू? तुमच्या मायसंग?” नीलाबाई म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

चहा झाल्यावर काय झालं ते कोणी ठरवलं नाही. नीलाबाई पुढे चालू लागली आणि आठ पुरुष तिच्या मागे. तिने रस्ता विचारला, देवळाजवळून वळली, कोळीवाड्यातून गेली आणि वाळूवर येऊन थांबली. जहाजातून समुद्र पाहणं वेगळं. तिथे तो नुसता हेलकावे देणारा. इथे तो पायाशी येत होता. एका अंगाला अख्खा डोंगर पाण्यात उतरला होता.

“याचा पल्याडचा काठ कुठी आहे?” कोलूने विचारलं.

“आपून चाललो ना, तोच,” पत्रू म्हणाला.

माहेरी नदी ओलांडताना करत तसं नीलाबाईने पदराच्या गाठीतले चार तांदूळ पाण्यात सोडले. तोवर पुरुषांची पोरं झाली होती. कोलूने पाणी चाखलं आणि थुंकलं. मग प्रत्येकाने खारट आहे की नाही ते स्वतः चाखून पाहिलं. मुकादमपणा राखून उभ्या असलेल्या सोमाजीला एका लाटेने गुडघ्यापर्यंत भिजवलं आणि मागून आलेल्या दुसरीने खालीच बसवलं. तो उठला, धोतर पिळलं, आणि पुन्हा लाटेकडे गेला.

वाळूवर एक अर्धवट बांधलेली होडी उभी होती. तिला खिळा नव्हता. फळ्या काथ्याने शिवलेल्या. बाजूला आंब्याचा ओंडका पडला होता आणि तीन कोळी त्याच्याभोवती कपाळाला हात लावून बसले होते. नीलाबाईने विचारलं तेव्हा एक उंच, काळीसावळी बाई पुढे आली. अप्पलम्मा तिचं नाव. होडी तिच्या नवऱ्याची होती. “लाकूड कापणारा तापाने पडलाय. आरा त्याने पाठवलाय, पण आमच्या हातून वाकडंच जातंय,” ती म्हणाली.

“हे आठ जण दुसरं काही करतच नाहीत,” नीलाबाई म्हणाली. आऱ्याला तेलुगूत काय म्हणतात ते तिला आठवलं नाही. तिने हात वरखाली करून दाखवलं.

पत्रूने आऱ्याच्या दातांवरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं. “कानस मांग त्यायले.” कानस आली. अर्धा तास तो एकेक दात घासत बसला. मग ओंडका घोड्यांवर चढला, गेरूत भिजवलेली दोरी ताणून सोडली, लाल रेघ उमटली. पत्रू वर, कोलू खाली. आरा चालू लागला तसा कोळीवाडा गोळा झाला. दमले की दुसरी जोडी. भुसा वाऱ्याने उडून खालच्या माणसाच्या ओल्या अंगाला चिकटायचा, आणि बायका हसायच्या. नीलाबाई मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होती: जरा जाड हवी, आता पातळ, या टोकाला गाठ आहे, सांभाळा. तिचा आवाज आपोआप चढला होता. मोजून चार फळ्या निघाल्या. अप्पलम्माच्या नवऱ्याने एका फळीवर डोळा लावून लांबीभर पाहिलं आणि पत्रूच्या पाठीवर थाप मारली. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही.

मग अप्पलम्माने सगळ्यांना पंगतीला बसवलं. चिंचेच्या रश्शातली मासळी आणि ढीगभर भात. नीलाबाई वाढायला उठली तर अप्पलम्माने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. “तू बस. आज तू पाहुणी.” नीलाबाई बसली. गरम भात तिच्या पानावर दुसऱ्या कोणी घातला, वर रस्सा ओतला, पुरेसं झालं का विचारलं. ती सावकाश जेवली. घाई नव्हती.

सोमाजीने तीनदा मासळी घेतली आणि हात चाटत म्हणाला, “आमच्या शेताच्या बोडीतल्या पाण्यातली मासोळी याहून गोड, पण हे सांगू नोको बाई त्यायले.”

नीलाबाईने ते जसंच्या तसं सांगितलं. अप्पलम्मा हसून म्हणाली, “मग पुढच्या वेळी तीच घेऊन या.”

भोंगा झाला तेव्हा ते फाटकाशी पोचले होते. अप्पलम्मा तिथवर आली, सुक्या झिंग्यांची पुडी नीलाबाईच्या हातात दिली आणि वळून गेली. जहाज सुटल्यावर आठही जण नीलाबाईभोवती बसले. भाताला काय म्हणतात, मासळीला काय, आऱ्याला काय. आऱ्याचा शब्द तिने निघता निघता विचारून घेतला होता. सोमाजीला एकही शब्द धड म्हणता येईना, पण तो सोडेना.

वर्षाने मंडळी परतली. आलापल्लीच्या बाजारात सिरोंच्याकडचे मिरचीवाले यायचे. पूर्वी नीलाबाई त्यांच्यापुढून मुकाट्याने जायची. आता ती लांबूनच हाक द्यायची, त्यांच्या गावची विचारपूस करायची, मिरचीत ओल किती ते सुनावून भाव उतरवायची. मग गावातल्या बायका, विहिरीवर हसलेल्यासुद्धा, आपापल्या पिशव्या घेऊन तिच्या मागे उभ्या राहू लागल्या. पत्रू झाडाखाली विडी ओढत बसायचा. उशीर फार व्हायचा, पण त्याने तिला कधी लवकर चल म्हटलं नाही.