वाणात मागितलेलं वळण

आमच्या भावोजींनी लग्न ताईशी केलं की आमच्या गावच्या नदीशी, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही. ताईला विचारलं तर ती म्हणते, "नदीशीच. मी नुसती पाठराखीण म्हणून आले." आणि हे ती गमतीनं म्हणते असं समजू नका. तिचा वाढदिवस भावोजी दरवर्षी विसरतात, पण नदीचं पाणी यंदा कधी गढुळलं आणि कधी निवळलं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

भावोजी मुलुंडचे. म्हणजे अगदी मुलुंडचेच. मुंबईतला मराठी माणूस राहायला कुठेही असला तरी त्याचं एक गाव असतंच. यांना तेवढंच नव्हतं. यांचे पणजोबा गिरणीत लागले आणि गाव सुटलं, ते असं सुटलं की पुढे त्या गावाचं नावसुद्धा घरात कुणाला सांगता येईना. मे महिन्यात सगळी चाळ बोचकी बांधून कोकणात पळायची आणि हे एकटे गॅलरीत कॅरम मांडून बसायचे. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचे. त्यातही हरायचे, असं ते सांगतात. अशा माणसाला लग्नात नदी मिळाली. आमच्याकडे गावीच लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेव गायब! काठावरच्या दगडावर नवा सदरा, घड्याळ आणि हळदीचं धोतर सापडलं, तेव्हा बायकांनी हंबरडा फोडायची तयारी केली. तर हे कोंडात, म्हणजे नदीच्या खोल डोहात, गळ्यापर्यंत पाण्यात निवांत बसलेले. वर मला म्हणाले, "अरे, हळू बोल ना! खंड्या बसलाय तिकडे."

नदी म्हणजे तरी केवढी! डोंगरात कुठेतरी उगवते, तीन वाड्यांना वळसे घालते, आमच्या शेताखाली एक मोठं वळण घेते, त्या वळणातच तो कोंड, आणि पुढे खाडी. उन्हाळ्यात गुरं ती न थांबता ओलांडतात. भावोजींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव विचारलं. आमचे काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, शेजारी विडी ओढत बसले होते. वडील लवकर गेल्यामुळे ताईचं कन्यादान त्यांनीच केलेलं. गावचं घर, शेत, म्हैस सगळं तेच बघतात. ते म्हणाले, "नाव कित्याक व्हयां? दुसरी न्हंय खंय आसा, घोळ होवक?" दुसरी नदीच नाही तर घोळ कसला, हे भावोजींना इतकं आवडलं की मुंबईत परतल्यावर महिनाभर ते भेटेल त्याला ही गोष्ट सांगत होते. भाजीवाल्याला दोनदा सांगितली.

मुंबईत त्यांचा जीव लागायचा नाही असं नव्हे, पण पाऊस लागला की ते काकांना फोन करायचे. "काका, पाणी कितव्या पायरीला?" काका आरामखुर्चीतून न उठता सांगायचे, "तिसऱ्या. माझ्या डोळ्यांसमोर आसा." एकदा भावोजी कुणाला न कळवता गावी गेले आणि थेट काठावरूनच फोन लावला. काका म्हणाले, "पाचव्या पायरेर! काय सांगू, जावयबापू, नुसतो लोंढो!" भावोजी म्हणाले, "काका, मी सगळ्यात खालच्या, पहिल्या पायरीवर बसलोय. कोरडी आहे." मग काका म्हणाले, "मगे माका कित्याक इचारतास?"

नदीतून ते रिकाम्या हातांनी कधी आले नाहीत. एकदा घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या यंत्रात त्यांची पिशवी अडली. गार्डनं विचारलं, "काका, ये पत्थर काय को?" भावोजी म्हणाले, "पत्थर नहीं भाई, नदी का सँपल है." गार्ड उत्तरेकडचा. त्याच्याही गावाला नदी. मग एका एका गोट्याची ओळख सुरू झाली: हा वरच्या वाडीतला, अजून टोकदार, हा खाडीजवळचा, बघ कसा गुळगुळीत झालाय. मागे रांग जिन्यापर्यंत. "ओ काका, चला ना यार, लेट होतंय!" म्हणून लोक ओरडत होते. मी त्यांच्यासोबत नाही, असा चेहरा करून मी जाहिरात वाचत उभा होतो. पावसाळ्यात अंडी घालायला मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि गाव ते पकडायला धावतं. एकदा त्यांना अडवायला भावोजी हात पसरून नदीत आडवे उभे राहिले होते. "अहो, बाळंतपणाला माहेरी निघाल्यात त्या!" काका म्हणाले, "मगे आमच्याच घराक इल्यो म्हणा!" दुपारी भावोजींनी त्या माशांचं तिखलं दोनदा मागून घेतलं. डोळ्यांत पाणी होतं. तिखटाचं की दुःखाचं, ते विचारायची हिंमत कुणाची नव्हती.

मग तीन-चार वर्षांपूर्वी गावात ठरलं की नदी सरळ करायची. त्यात गावाचं अगदीच चुकत होतं असंही नाही. वळणावर पाणी फुगून रस्त्यावर यायचं, एसटी अडायची. मशीन आणायचं, काठची वाळुंजाची झाडं काढायची, वळण कापायचं, कोंड बुजवून भिंत बांधायची. देवळात सभा होती. भावोजी रजा टाकून गेले, मीही गेलो. ते उभे राहून बोलले, "वळण आहे म्हणून पाणी थांबतं हो. सरळ केलीत तर ती तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही, थेट खाडीत जाईल." सभेतून कुणीतरी अगदी प्रेमानं म्हणालं, "जावयबापू, तुम्ही पाव्हणे. बसा, चहा घ्या." लोक हसले. भावोजीही हसले, बसले, चहा घेतला. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "खरंय रे. मी कोण?"

त्यानंतर नदीचं नाव त्यांनी काढलं नाही. शेवटी ताईनंच मुलुंडहून मला फोन केला, "तू काहीतरी कर रे. हे माझ्याशी बोलायला लागलेत."

त्याच वर्षी अधिक महिना आला. जावयाला जेवायला बोलवून वाण द्यायचं म्हणून काकांनी दोघांना गावी बोलावलं. पाटाभोवती रांगोळी, ताटात अनारसे, शेजारी चांदीचं निरांजन. काका म्हणाले, "आणि काय व्हयां तां मागा. लाजा नको." भावोजींनी अनारसा खाली ठेवला. म्हणाले, "काका, ते वळण द्या."

काकांना आधी कळेचना. कळलं तेव्हा ते ताडकन उठले. वळणापाशी मशीन नदीत उतरायला वाट एकच होती, आमच्या शेतातून, आणि ती द्यायचा शब्द काकांनी सरपंचांना दिलेला होता. "अंगठी मागा, सूट मागा! ह्यां काय मागणां?" भावोजी मान खाली घालून म्हणाले, "मला गाव नाही, काका. मागायला दुसरं घर नाही." ताई पदरानं डोळे पुसत अनारसे मोजायला लागली. काका अंगणात गेले, दोन विड्या ओढल्या आणि छत्री घेऊन चालते झाले.

देवळात पुन्हा सभा बसवून त्यांनी सांगितलं, "तां वळण आमी जावयाक दिलां. दिलेलां वाण परत कसां घेवचां, तुमीच सांगा." सरपंच चिडले, दोघे-तिघे तावातावानं बोलले. पण त्या सभेतल्या प्रत्येकाच्या घरात एकेक जावई होता, आणि प्रत्येकाची मुलगी कुठेतरी नांदत होती. शेवटी भिंत रस्त्याच्या बाजूनं, वळणाच्या अलीकडेच थांबली. काका आणि सरपंच वर्षभर बोलत नव्हते. वर दोन वाड्यांपर्यंत नदी सरळ झालीच. तिथे आता पाणी लवकर आटतं. कोंडात मात्र अजून मे महिन्यात पोरं उड्या मारतात.

गेल्या हिवाळ्यात भावोजी मला म्हणाले, "चल, तुला उगम दाखवतो." मी त्या गावचा, पण उगम कधी पाहिलेला नव्हता, माझ्या वडिलांनीही पाहिला नसावा. अर्ध्या चढावर भावोजींचे गुडघे थकले. ते एका दगडावर टेकले आणि म्हणाले, "तू जा. जांभळीखाली बघ, खडक ओला असेल." मी वर गेलो. खडकाच्या भेगेतून बोटभर पाणी येत होतं, आवाजसुद्धा नव्हता. त्यांच्यासाठी ओंजळ भरून खाली निघालो, पण वाट उताराची. पोचेपर्यंत ओंजळीत काहीच उरलं नाही. माझे ओले हात भावोजींनी आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि सुकेपर्यंत धरून ठेवले.