हरलेल्यानं फोन करायचा

सिंगापुरात सेम्बावांगला आम्ही राहायचो तिथे आमच्या बरोब्बर डोक्यावर एक जपानी आजोबा राहायचे. तरुणपणी इथल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला आले, इथल्याच बाईशी लग्न केलं, ती गेली, मग नोकरीही संपली, आणि आजोबा उरले ते फक्त बेसबॉलपुरते. मी मरीन इंजिनियर. उमेदवारीच्या काळात आमचं जहाज जपानच्या गोदीत अडकून पडलं होतं, तेव्हा तिथल्या कामगारांच्या कँटीनमध्ये मी बेसबॉल बघायला शिकलो. शिकलो म्हणजे काय, बाकीचे टाळ्या वाजवतात तेव्हा आपणही वाजवायच्या, एवढं शिकलो. या भांडवलावर मी एकदा लिफ्टमध्ये आजोबांना सांगून टाकलं की आपण बेसबॉलचे मोठे जाणकार आहोत. तेव्हापासून शनिवारची संध्याकाळ त्यांच्याकडे बांधली गेली.

"जाणकार!" बायको म्हणायची. "अहो, तुम्हाला क्रिकेटमधला लेग बाय अजून कळत नाही."

त्या वर्षी मार्चमध्ये जपानला भूकंप झाला आणि पाठोपाठ समुद्र गावांत शिरला. बेसबॉलचा हंगाम तोंडावर आला होता, तो पुढे ढकलला. आजोबांचा धाकटा भाऊ उत्तरेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात मासे सुकवायचा धंदा करायचा. त्याचा पत्ता लागेना. चौकशी करायची तिथे सगळीकडे करून झाली होती.

दोघे भाऊ दोन वेगळ्या संघांचे. एरवी त्यांचं फारसं बोलणं नसे, पण त्या दोन संघांचा हंगामातला पहिला सामना झाला की हरलेल्यानं जिंकलेल्याला फोन करायचा आणि जिंकलेल्यानं "चांगला खेळलात" एवढंच म्हणायचं, हा वर्षानुवर्षांचा नियम. आजोबांचं इंग्रजी यार्डातलं, ते इथे मराठीत देतो, वाक्याच्या शेवटी येणारा सिंगापुरी 'लाह' तेवढा त्यांचा.

"सीझन सुरू झाला की करेल तो फोन," ते म्हणायचे. "आत्ता कशाला करेल लाह? आत्ता कोण हरलंय?"

मी चहाचा कप उगाच फिरवत बसायचो.

नवे सामने नव्हते, म्हणून आजोबांनी पलंगाखालून जुन्या टेपांचं खोकं काढलं. आता शनिवारच नाही, रोजच संध्याकाळी मी वर. टेपवर पाऊस पडल्यासारख्या रेघा, आवाज मधूनच गायब. निकाल त्यांना पाठ, मला काहीच नाही, त्यामुळे उत्सुकता सगळी माझ्या वाट्याला. पहिल्याच दिवशी चेंडू प्रेक्षकांत जाऊन पडला आणि मी उडी मारून ओरडलो, "होम रन!" आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्या संघाविरुद्ध नाचत होतो. मला वाटलं, गेलं आपलं जाणकारपण. पण आजोबांनी खिडकीजवळची वेताची खुर्ची पुढे ओढली.

"इथे बस. ही त्याची बाजू."

अशी माझी भावाच्या संघात नेमणूक झाली. मी ती इमानदारीनं निभावली. जुन्या टेपांत आमचा संघ बहुतेक वेळा हरायचा. टेपा त्यांनी निवडल्या होत्या, दुसरं काय होणार!

आजोबा धड जेवत नव्हते. एका संध्याकाळी बायको आंघोळीला गेली होती आणि ओट्यावर पिठलं-भात तयार होता. मी दयाळूपणे त्यांच्यासाठी डबा भरला आणि निघालो. लिफ्टची वाट कोण बघणार म्हणून जिन्यानं चढलो. निम्म्या जिन्यात डब्याचा वास आला आणि पाय थबकले. आमच्या अलिबागला कुणाकडे मयत झालं की त्या घरात चूल पेटत नसे, आणि आई शेजारधर्म म्हणून काय घेऊन जायची? पिठलं-भात. मी हरवलेल्या माणसाच्या घरी त्याच्या सुतकाचं जेवण घेऊन निघालो होतो!

परत नेला तर बायको विचारणार, पुढे नेला तर अभद्र. सुशिक्षित माणसानं अशा वेळी जे करावं तेच मी केलं. पायरीवर बसलो आणि डबा उघडून बकाबका खायला लागलो. लपवायचंच होतं, तर पोटात लपवलं. अर्धा डबा झाला असेल तेवढ्यात वरून आजोबा कचऱ्याची पिशवी घेऊन उतरले.

"बायको घरात जेवू देत नाही?"

"नाही नाही अंकल. सहज. हवेशीर आहे इथे."

त्यांनी वाकून वास घेतला. "काय आहे पिवळं? छान वास लाह."

घरी आल्यावर बायकोला खरं ते सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. "बरं केलंत," एवढंच म्हणाली आणि बेसनाचा डबा मागच्या फळीवर सरकवला. त्यानंतर आम्ही वर बटाट्याची भाजी पाठवली, उपमा पाठवला, साबुदाण्याची खिचडी पाठवली. आजोबा दर वेळी झाकण उघडून विचारायचे, "पिवळं नाही?" आणि दर वेळी मी एक नवी थाप मारायचो. सिंगापुरात बेसन मिळत नाही, हेसुद्धा मी त्यांना सांगितलं. त्यांनी यावर विश्वास ठेवला असेल असं नाही.

मग एप्रिलात हंगामाची तारीख ठरली. मी बातमी घेऊन धावत वर गेलो. आजोबा खूश झाले नाहीत.

"अजून थोडा उशीर केला असता," ते म्हणाले, "तरी चाललं असतं."

दोन्ही संघ समोरासमोर आले त्या संध्याकाळी आजोबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फोन टीपॉयवर आणून ठेवला होता, जुना, कुणाचा फोन आहे ते न दाखवणारा. मी माझ्या वेताच्या खुर्चीत. सामना कसा झाला ते मला नीट आठवत नाही. मी टीव्हीपेक्षा फोनकडेच जास्त बघत होतो. शेवटी आजोबांचा संघ जिंकला. त्यांनी टीव्ही बंद केला. आम्ही बसून राहिलो. खाली खेळणारी पोरं घरी गेली. फोन नुसता होता तिथे होता.

मला ते सहन होईना. "येतो अंकल," म्हणून मी उठलो. दार ओढून जिन्यात आलो आणि तिथे मला ती कल्पना सुचली. हरलेल्यानं फोन करायचा. हरलेल्या बाजूचा तर मीच! म्हातारा हसेल, तेवढंच. मी मोबाइल काढला आणि नंबर लावला.

पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला आणि एकच शब्द म्हणाले. भावाचं नाव. इतक्या तरुण आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

बोलावं तर मेलो, आणि फोन ठेवावा तर त्याहून वाईट. भिंतीला टेकून मी कसाबसा म्हणालो, "अंकल, मी. मी... हरलो."

त्यांचा पंखा फोनमधूनही ऐकू येत होता आणि दाराआडूनही.

"हो," ते म्हणाले. "हरलास." मग, "चांगला खेळलात."

मी फोन तसाच धरून उभा.

"ते पिवळं," आजोबा म्हणाले, "आज आणशील?"

खाली आलो. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पिठलं टाकतेस?"

कुणासाठी, असं तिनं विचारलं नाही. स्टूल ओढून मागच्या फळीवरचा डबा काढला. "भात मऊच लावते," म्हणाली.

आजोबांनी डबा चाटूनपुसून संपवला. चमचा खाली ठेवून म्हणाले, "एवढं चांगलं करते बायको, आणि तू एकटा जिन्यात लपून खातोस."

"हो अंकल," मी म्हणालो. "आहेच मी तसा."