सईचा नवस आणि अण्णांचा शिरा

माझ्या नातीने आयुष्यात कधी कुठल्या देवाला नवस बोललेला नाही. तरीही गेल्या महिन्यात मुलुंड पूर्वेच्या निम्म्या दुकानदारांनी तिला तो पाळायला मदत केली.

सई माझ्या लेकीची लेक. वय सव्वीस, नोकरी बंगळुरूला, आणि ती व्हीगन आहे. म्हणजे मटण-मासे नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी, मध, काही म्हणजे काही नाही. जनावराकडून आलेलं तोंडात घालायचं नाही, असा तिचा नियम. आता आमचं घर मालवणकडचं. आमच्यात सोमवारी मासे न खाणारा माणूस फार धार्मिक समजला जातो! त्यात ही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे तू खातेस तरी काय गो, हवा?"

दिवाळीत आली होती तेव्हा मी तिच्या वरणात चमचाभर तूप घातलं. गुपचूप. (हो, घातलं! नातीच्या पानात कोरडं वरण वाढायला हात धजेना माझा.) तिने पहिल्या घासाला ओळखलं. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, "आजी, मी तुला विचारलं होतं ना?" आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली. मग आठ महिने फिरकली नाही.

आता तीन दिवस येणार म्हटल्यावर लेकीचा फोन आला.

"आई, हात जोडते, तिला फसवून काही घालू नकोस. या वेळी बिनसलं ना, तर ती परत यायची नाही तुझ्याकडे."

"नाही घालणार गं."

"आणि बाहेर नेऊ नकोस. तुमच्या तिथे तिला काही मिळायचं नाही. अंधेरीहून मागव, तिकडे तसली हॉटेलं आहेत."

तुमच्या तिथे मिळायचं नाही! चाळीस वर्षं काढली मी मुलुंडात. कुठल्या गाडीवरच्या वड्यात मीठ जास्त आणि कुणाची चटणी कालची, हे मी वासावरून सांगते. आणि माझ्या नातीच्या पोटाला अंधेरी लागणार? ठरवूनच टाकलं. तिन्ही दिवस हिला इथेच खायला घालायचं, चालत चालत, माझ्या ओळखीच्या दुकानांतून. आणि एक थेंबही फसवायचं नाही.

शुक्रवारी सकाळी नेलं तिला अण्णांच्या हॉटेलात. स्टेशनजवळचं जुनं उडुपी हॉटेल. अण्णा गल्ल्यावर, आणि मला पाहिलं की लांबूनच हात करतात.

वेटरला म्हटलं, "एक साधा डोसा. लोणी नको, तूप नको."

"जैन?"

"नाही रे. कांदा चालेल. तूप चालणार नाही."

"उपवास?"

"उपवासाला डोसा खातात होय?"

तो विचार करत गेला आणि डोसा घेऊन आला. डोसा असा चकाकत होता की त्यात मला माझा चष्मा दिसला!

"अरे, तूप आहे हे!"

"थोडंसंच, आजी. नाहीतर चव कशी येणार?"

सईने माझ्याकडे बघितलं फक्त. मला दिवाळीचं वरण आठवलं. डोसा परत पाठवला. दुसरा आला. पहिल्या वेळी चूक झाली म्हणून बिचाऱ्याने भरपाई केली होती. वर लोण्याचा गोळा! वितळत वितळत सईकडेच निघालेला.

"आजी, जाऊ दे. मी ब्रेड आणते आणि घरी खाते," सई म्हणाली.

ब्रेड! माझ्या मुलुंडात, माझ्या नातीने, सुका ब्रेड! माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले आणि अख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले, "अरे, नवस आहे तिचा! दूध-तूप सोडलंय पोरीने!"

आणि काय सांगू, हॉटेल बदललं! वेटरने ताट दोन्ही हातांनी उचललं. अण्णा गल्ला सोडून आले, जे मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "आजी, आधी सांगायचं ना! नवस म्हणजे नवस!" आतून तवा घासल्याचा आवाज आला. अण्णांनी तेलाची बाटली आणून सईला वास घ्यायला लावला. "शेंगदाण्याचं आहे, ताई. बघून घ्या." तिसरा डोसा असा आला जणू देवळातून निघालाय.

"आजी, कसला नवस?" सई कुजबुजली.

"गप जेव."

इथवर झकास होतं. पण मागच्या टेबलावर आमच्या समोरच्या दारातल्या कदम वहिनी इडली खात बसल्या होत्या, आणि कदम वहिनींचे कान म्हणजे काय सांगावं! हात न धुताच आल्या.

"काय गं, कशासाठी नवस?"

लग्नासाठी म्हणावं, तर यांचा भाचा बिनलग्नाचा. संध्याकाळी पत्रिका घेऊन हजर झाल्या असत्या. म्हणून म्हटलं, "नोकरीत बढतीसाठी."

"कुठल्या देवाला?"

"गावच्या देवीला." (देवी, माफ कर गं बाई.)

"आणि फिटणार कधी?"

"बढती मिळाली की!" मी म्हटलं आणि सांबारात तोंड घातलं.

शनिवारी फरसाणवाल्या कांतीभाईंकडे गेलो, तर मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आ तेच बेबी ना, नवसवाली?" बातमी आमच्याआधी पोचली होती! त्यांनी चष्मा लावला आणि एकेक बरणी हातात घेऊन सांगायला लागले. "हे घे, तेलातलं. हे पण तेलातलं. याला हात नको लावू, मावा आहे. याच्यात दूध पावडर, मी स्वतः टाकतो!" पुढे भेळवाल्याने दह्याची वाटी स्वतःहून उचलून दुसरीकडे ठेवली. वडापाववाल्याने बेकरीत फोन लावला, "पावात दूध घालता काय हो?" सई खात होती, हसत होती. म्हणाली, "आजी, बंगळुरूच्या महागड्या कॅफेतसुद्धा माझ्यासाठी कुणी तवा घासला नाही!"

मी फुगले. खोटं बोलले खरी, पण कुणाच्या ताटात तर चोरून काही घातलं नाही! अंधेरीच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडली.

आणि त्याच दुपारी सईला ऑफिसातून निरोप आला. बढती मिळाली! खरीच!

आता शहाणी बाई काय करेल? गप्प बसेल. मी लिफ्टमध्ये कदम वहिनींना गाठलं. का? कारण त्यांची सून मागच्या महिन्यात मॅनेजर झाली होती आणि ते त्यांनी मला याच लिफ्टमध्ये सात मजले ऐकवलं होतं. म्हटलं, "आमच्या सईला मिळाली हो बढती!"

वहिनींनी हात जोडले. "म्हणजे नवस फळला!"

म्हणजे आता तो सोडायची वेळ आली! नवस बोलले ते याच तोंडाने, आणि फळला म्हणून सांगितलं तेही याच तोंडाने. दुसऱ्या कुणाला दोष देणार?

रविवारी सकाळी सईला निघायचं होतं. शेवटचा डोसा खाऊ म्हणून अण्णांकडे गेलो, तर दारातच वेटरने आम्हाला हात दाखवून मधल्या टेबलावर नेलं. टेबलावर झेंडूची फुलं! कदम वहिनी नवी साडी नेसून बसलेल्या. कांतीभाई दुकान मुलाच्या भरवशावर टाकून आलेले. आणि अण्णा आतून आले ते मोठी परात घेऊन. शिरा! काजू, बेदाणे, आणि तूप असं सुटलेलं की चमचा ठेवला तर पोहेल!

"ताई, नवस इथे पाळला, इथेच सोडायचा," अण्णा म्हणाले. "साजूक तूप आहे. पैसे नाही, आमच्याकडून."

सगळं हॉटेल बघत होतं. कदम वहिनींनी चमचा भरला आणि सईच्या तोंडापाशी नेला. "हं, आ कर. देवीचं नाव घे."

सई पांढरी पडली. तिने चमच्याकडे बघितलं, मग अण्णांच्या हसऱ्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, मी आता काय करते ते. दिवाळीत बॅग भरायच्या आधी असंच बघितलं होतं तिने.

"काकू, मला नको," ती हळू म्हणाली.

"अगं, एक चमचा! एका चमच्याने काय होतंय?" वहिनी म्हणाल्या.

आणि मी उभी राहिले.

"वहिनी, चमचा खाली ठेवा! नवसबिवस काही नव्हता. मी खोटं बोलले."

अण्णांचं तोंड उतरलं. "आजी, देवीच्या नावाने खोटं?"

"हो! देवीला मी सांगेन काय ते. पोरगी दूध-तूप खात नाही, कारण तिला खायचं नाही. संपलं!"

"मग तसंच सांगायचं ना!"

"सांगितलं होतं! दोनदा! दोनदा तूप आलं. देवाचं नाव घेतल्यावर तवा धुतलात, मग माणसाने नको म्हटलं तेव्हा का नाही धुतलात?"

(हे विचारणारं तोंड दिवाळीत काय करत होतं, ते त्या हॉटेलात एकट्या सईला माहीत होतं. ती बिचारी शिऱ्यातले काजू मोजत बसली.)

अण्णांनी परात बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बरोबर आहे, आजी. चुकलं." आणि आत वळून ओरडले, "एक साधा! तेलावर!" मग जरा थांबून मला विचारलं, "आता नवस नाही, तर तवा धुवायचा?"

"धुवायचा!"

तवा धुतला. शिरा कदम वहिनींनी आणि कांतीभाईंनी संपवला, देवीचं नाव घेऊन. डोसा खाऊन आम्ही बाहेर पडलो तर सईने भर रस्त्यात मला मिठी मारली. म्हणाली, "आजी, मी तिकीट बदलते. दोन दिवस आणखी राहते. आणि गणपतीला पण येते."

मग मिठी सोडून म्हणाली,

"मला वाटलं होतं तू मला खायला सांगशील. पण तू एक सेकंदसुद्धा विचार नाही केलास! सगळ्यांसमोर उभी राहिलीस माझ्यासाठी!"

मी मान ताठ केली. पदर नीट केला. म्हटलं, "मग! आजी कुणाची!"

आता तुम्हाला म्हणून सांगते, तिला सांगू नका. मी उभी राहिले ती "खा गं एक चमचा, काय होतंय" हेच म्हणायला. तोंड उघडलंसुद्धा होतं! पण नेमकं तेच वाक्य कदम वहिनी माझ्याआधी बोलून गेल्या. आणि चाळीस वर्षांत मी त्या बाईच्या होला हो मिळवलेलं नाही. ते काय आता शिऱ्यावरून मिळवू?