पिसांचा नागोबा

दरवर्षी श्रावणाच्या आधी मावशी भारतातून पाकिटात घालून जिवतीचा कागद पाठवायची. त्यावरच्या नागाची आई नागपंचमीला पूजा करायची. त्या वर्षी पाकीट आलंच नाही. आम्ही शारजात एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायचो, मी तेरा वर्षांची होते आणि शाळेच्या लायब्ररीतून सुट्टीसाठी आणलेलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक उराशी धरून बसलेली असायचे.

मेक्सिकोकडच्या जुन्या देवांची गोष्ट होती ती. त्यात हिरव्या पिसांचा एक प्रचंड साप. जो त्याच्या कपाळाला लाल रंग लावेल, त्याच्या घरातला एक माणूस साप मागून घेतो. जमिनीखाली मेलेल्यांचं राज्य, नऊ पायऱ्यांचं. रोज एक पायरी, नवव्या दिवशी माणूस खाली. माझ्याच वयाची एक मुलगी बापाला परत आणायला एका बिनकेसांच्या कुत्र्याबरोबर तिथे उतरते. मी शेवटापर्यंत पोचलेच नव्हते. सातव्या पायरीवर सुरीसारखा कापणारा वारा सुटला आणि मी घाबरून पुस्तक मिटून टाकलं.

नागपंचमीच्या सकाळी अंघोळ करून आले तर पुस्तक पाटावर उभं. सापाच्याच पानावर उघडलेलं. पुढे दूध, लाह्या, आणि सापाच्या कपाळावर ठसठशीत कुंकू.

"आई! दॅट्स नॉट नागोबा!"

"मग काय गांडूळ आहे?" आई म्हणाली. "जीभ आहे, डोळे आहेत. पिसं असेनात का बापडी. मी काढते त्या नागापेक्षा बराच म्हणायचा."

हसण्यासारखंच होतं, पण मला त्या कपाळावरचा लाल रंगच दिसत होता. घरात माणसं तीन. पूजा आईने केली, पुस्तक मी आणलं, म्हणजे साप बाबांनाच मागणार, असं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं कळत नाही का? कळतं की. सायन्समध्ये वर्गात पहिली यायचे मी. पण सकाळी बाबांना न्यायला येणाऱ्या कंपनीच्या पिकअपचा आवाज लांब गेला की मला काही म्हणजे काही कळायचं नाही.

बाबा इंडस्ट्रियल एरियात लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. पाचव्या दिवशी त्यांना खोकला झाला, तर मी रडले. सातव्या दिवशी ते तासभर उशिरा आले, तेव्हा दारातच त्यांच्यावर इतकी चिडले की त्यांनाच माझी समजूत काढावी लागली. आईला सांगायची सोय नव्हती. कुंकू तिच्याच हातचं होतं.

नवव्या दिवशी बाबा दाढी करत होते तेव्हा मी त्यांचे सेफ्टी शूज उचलले, बोटांवर पोलादी टोपी असलेले ते जड शूज, आणि भारतात न्यायच्या मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांखाली दडपले. शूज नाहीत तर बाबा जाणार नाहीत. माझी अक्कल तेवढीच.

घरभर शोधाशोध झाली. खाली ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून ओरडत होता, "यल्ला भाई, यल्ला! लेट हो गया!"

"बाबा, डोन्ट गो टुडे. प्लीज."

"अगं, आज माल लोड करायचाय. चारला घरी, इन्शाल्ला." त्यांनी रबरी चपला पायात सरकवल्या. "वर्कशॉपमध्ये कुणाचे तरी मिळतील."

सुटकेस चार पावलांवर होती. मी हलले नाही. शूज काढून दिले तर मीच त्यांना खाली पाठवल्यासारखं होईल, असं वाटत होतं. जिन्यावरून चपलांचा फटफट आवाज उतरत गेला.

दुपारी फोन आला. आईने घेतला, तरी पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "भाभी, घबराना नहीं. पैर पे लोहे का प्लेट गिरा है."

डाव्या पायाची दोन बोटं गेली. कुणाचेच शूज बाबांच्या मापाचे निघाले नव्हते, आणि फोरमनला चपलांवरून अडवणार कोण?

हॉस्पिटलात आई नर्सशी बोलायला बाहेर गेली, तशी मी बाबांना सगळं सांगितलं. साप, कुंकू, नऊ पायऱ्या, सुटकेस. इंग्रजीत सुरू केलं आणि रडत रडत मराठीत संपवलं. ते रागावतील, हात उगारतील, याची मी वाट बघत होते. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं,

"शूज अजून तिथेच आहेत?"

"हो."

"घरी गेलीस की कॉटखाली ढकल. आईला सापडू देत. आणि पुस्तकातलं तिला कधीच सांगायचं नाही. आपल्या पूजेमुळे झालं, असं धरून बसेल ती."

आई आत आली. बँडेजवरून हलकेच हात फिरवत म्हणाली, "नागोबानेच राखलं. नाहीतर अख्खा पाय गेला असता." मग माझ्याकडे वळली. "हो ना गं?"

मी हो म्हणाले. इतकी वर्षं झाली, दर नागपंचमीला ती मला हेच विचारते, आणि मी अजून हो म्हणते.